बादलीभर मासे आणि एक सही

बरकतपुरा, हैदराबाद
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुप्रियास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडायला लागलीस. मला एक तर कमी ऐकू येतं, त्यात रडणं अजिबात कळत नाही. शिवाय कोर्टकचेरीच्या गोष्टी फोनवर बोलू नयेत असं माझं पक्कं मत आहे. सारा जन्म कोर्टात शिरस्तेदारी केली, उगीच नाही. म्हणून लिहितो. आधी पाणी पी, मग वाच.

ओंकार सुखरूप आहे. जामीन झाला, वर त्याच्या खोलीत झोपला आहे. पोर माझ्याकडे शिकायला ठेवलंस, म्हणजे जबाबदारी माझी. मी स्वतः ठाण्यात बसून सगळं नीट लिहून घेतलं. इन्स्पेक्टर ओळखीचा निघाला, त्याने चहा पाजला.

झालं ते असं. शनिवारी अंबरपेठेच्या मैदानावर पोरांनी क्रिकेटची मॅच जिंकली आणि जणू राज्य जिंकल्यासारखी मिरवणूक काढली. वाटेत यादगिरी नावाच्या माणसाचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. ‘दुकानासमोर फटाके नक्को’ एवढंच तो म्हणाला. त्यावरून बाचाबाची झाली. कुणीतरी हेल्मेट भिरकावलं, काचेची मोठी टाकी फुटली, यादगिरीचा हात चांगलाच कापला. रस्ताभर पाणी आणि मासे. सगळी पोरं शहाण्यासारखी पळाली. तुझे चिरंजीव मात्र शेजारच्या चहावाल्याची बादली घेऊन रस्त्यावरचे मासे गोळा करत बसले! पोलीस आले तेव्हा बादली भरत आली होती. आता तूच सांग, पोलिसांनी काय समजायचं? माल परक्याचा, बादली ह्याच्या हातात, बघायला चार माणसं. चोरी आणखी कशाला म्हणतात? मासे मुद्देमाल म्हणून जप्त झाले आणि ठाण्यात ठेवायची सोय नसल्यामुळे मेले. तोही ठपका ओंकारवर यायचा, मी येऊ दिला नाही.

आमचा नातू रितेश सुदैवाने तिथे नव्हताच. तो इतका धापा टाकत घरी आला, की मला वाटलं ह्यालाच काही झालं. त्यानेच सगळी हकीकत सांगितली. ह्या धांदलीत त्याचं हेल्मेट कुठे हरवलं कोण जाणे. नवं आणायला चिक्कडपल्लीपर्यंत गेलो.

तू काळजी करू नकोस. कोर्ट म्हणजे माझं दुसरं घर.

तुझा मामा,
प्रतापराव

●

उदगीर
२६ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ओंकारच्या बाबांनी दोनदा मोठ्याने वाचलं. पोर घरी आहे, जामिनावर आहे, हे तुमच्यामुळे. त्याबद्दल काय लिहू? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, तेव्हा मीही आता पत्रच लिहीत जाईन.

ओंकारशी बोलले. तो एवढंच म्हणतो, ‘आई, ते तडफडत होते गं. आणि दुकानवाला हात धरून बसला होता, तो कसा उचलणार?’ हेल्मेट कुणी फेकलं विचारलं तर गप्प. लहानपणापासून असाच आहे. शाळेत दुसऱ्याने फळा फोडला तरी हाच अंगठे धरून उभा.

एक विचारू? रितेश तिथे नव्हता, मग सगळी हकीकत त्याला कशी माहीत? रागावू नका. मी शाळेत शिकवते, प्रश्न विचारायची सवय लागली आहे.

वकील तुम्हीच बघा. तुम्हाला त्यातलं कळतं, आम्हाला इथे बसून काय कळणार? सगळं तुमच्यावर सोडलं आहे. सुशीलामामींना नमस्कार, रितेशला आशीर्वाद.

तुमची,
सुप्रिया

●

बरकतपुरा
२ मे २०२५

चि. सौ. सुप्रियास आशीर्वाद.

चार्जशीट आलं, आरोपही ठरले. चोरी, नासधूस आणि दुखापत, असे तीन. पोलिसांनी मेहनत घेतली आहे, नाही म्हणता येणार नाही. टाकीवर फेकलेलं ते लाल हेल्मेटसुद्धा त्यांनी ओंकारच्या नावावर लिहिलं आहे.

पण घाबरायचं कारण नाही. मी आणि वकीलसाहेबांनी एक फार सुंदर मार्ग काढला आहे. त्याला प्ली बार्गेनिंग म्हणतात. साध्या भाषेत, कबुलीची तडजोड. आरोपीने आपणहून अर्ज करायचा, की साहेब, झालं ते झालं, माझ्या हातून झालं. मग सरकारी वकील, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे एकत्र बसतात, भरपाई ठरते, आणि पहिलाच गुन्हा म्हणून शिक्षा अगदी चौथाईवर येते. ओंकारच्या बाबतीत तर चांगल्या वागणुकीची हमी घेऊन सोडतील, असं वकीलसाहेब म्हणतात. सकाळी कोर्टात, संध्याकाळी घरी.

आणि खटला लढवला तर? पेशीमागून पेशी. आज साक्षीदार नाही, उद्या साहेब रजेवर, परवा फाईल सापडत नाही. मी स्वतः फायली न सापडण्याच्या कामावर होतो, मला विचार. पोराचं तरुणपण त्या बाकावर जाईल. तडजोडीत ते काहीच नाही. अपीलसुद्धा नाही, म्हणजे पुढची चिंताच मिटली. न्यायाधीश खूश, पोलीस खूश, सरकारी वकील खूश. एवढ्या माणसांना एकदम खूश करणारा निकाल मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. ओंकारनेही आता हळूहळू खूश व्हायला हवं.

तो म्हणतो, ‘आजोबा, पण मी केलंच नाही.’ मी त्याला समजावलं, की बाळ, हा मुद्दा आता काढण्यात अर्थ नाही. कबुलीच्या अर्जाला निर्दोषपणाची फार अडचण होते. तू असं कर, त्याला एक फोन कर. आईचं ऐकेल.

इकडे बाकी ठीक. रितेशला जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळण्याची खूप आशा आहे. त्याचा बाप, आमचा मकरंद, शारजाहून रोज विचारतो. पोलिसांचा स्वच्छ दाखला मात्र लागतो. देवाच्या दयेने आपल्याला त्यात काही अडचण नाही.

तुझा मामा,
प्रतापराव

●

उदगीर
११ मे २०२५

ती. मामांना नमस्कार.

पत्र मिळालं. ओंकारला फोन केला, पण तुम्ही सांगितलं ते बोलायला तोंड उघडेना. उलट त्यानेच विचारलं, ‘आई, सही करून टाकू का? आजोबा दमलेत माझ्यामुळे.’ ह्या पोराला दुसऱ्याच्या दमण्याचीच काळजी.

मामा, तो वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करतोय, हे तुम्हाला माहीत आहे. मी त्याचा फॉर्म काढून पाहिला. त्यात एक रकाना आहे, ‘आपण कधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय?’ सकाळी कोर्टात आणि संध्याकाळी घरी आलेल्या मुलाने तिथे काय लिहायचं? ‘होय, पण तडजोडीने’? एकोणिसाव्या वर्षी केलेली सही तो साठाव्या वर्षापर्यंत पुसत बसेल.

दुसरं. लाल हेल्मेट. ओंकारकडे गाडी नाही. तो सिटी बसने फिरतो, आणि बसमध्ये हेल्मेट घालून बसणारा मुलगा आमच्याकडे अजून निपजलेला नाही. रितेशचं हेल्मेट त्याच दिवशी हरवलं, हे तुम्हीच लिहिलं होतं. ते पत्र मी काल पुन्हा वाचलं. आधी वाचलं तेव्हा मी रडत होते.

खटला लांबेल, साक्षीदार यायचे नाहीत, हे सगळं खरं असेल. म्हणून न केलेलं कबूल करायचं? मग ज्याच्याकडे थांबायला वेळ आहे आणि चांगला वकील आहे, तो कधीच कबूल करणार नाही. कबूल करतील ती फक्त घाबरलेली पोरं.

एक विचारते. ही सोय एवढी सुंदर आहे, तर तुम्ही ती रितेशसाठी घ्याल?

सुप्रिया

●

बरकतपुरा
३ जून २०२५

चि. सौ. सुप्रियास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला सूर मला आवडला नाही. तुझी आई, माझी तारामती, असती तर तिने असं लिहू दिलं नसतं. मी पोराला घरात ठेवलं, जेवू घातलं, जामीन दिला. माझ्या नातवाचं नाव ह्यात आणू नये. त्याचा ह्या प्रकरणाशी काय संबंध? तो क्लासला होता.

ओंकारने अर्जावर सही केली आहे. तो सज्ञान आहे. अर्जात स्वच्छ लिहिलं आहे, की हे मी राजीखुशीने, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असं करत आहे. तसं लिहायला मीच सांगितलं.

येत्या मंगळवारी पेशी आहे. तू येण्याची गरज नाही. उन्हाळा फार आहे.

प्रतापराव

●

काचीगुडा, हैदराबाद
१० जून २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, धर्मशाळेत. तुमच्याकडे उतरले असते तर तुम्ही मला कोर्टात येऊ दिलं नसतं.

तुम्ही वकीलसाहेबांबरोबर बाहेर बाकावर बसला होता, मी खांबाच्या पलीकडे होते. मॅजिस्ट्रेट बाईंनी ओंकारला एकट्याला आत बोलावलं. वकील नको, पोलीस नको, कुणीच नको, असा नियम आहे म्हणे. तुम्हाला नियम माहीत असणारच, पण त्यात काही विशेष होईल असं तुम्हाला वाटलं नसावं. तुम्ही पेढ्याचा बॉक्स घेऊन आला होता.

आत काय झालं ते ओंकारने मला बाहेर आल्यावर सांगितलं. बाई हिंदीत बोलत होत्या, मी आपल्या भाषेत लिहिते.

‘हा अर्ज तू वाचलास?’

‘आजोबांनी वाचून दाखवला.’

‘मग त्यात काय लिहिलंय ते न बघता सांग. त्या दिवशी तू काय केलंस?’

‘मासे उचलले.’

‘का?’

‘मरत होते.’

‘आणि टाकी कशी फोडलीस?’

बाईंनी चष्मा काढला, कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, ‘घाई नाही. पाणी पी.’ तो पाणी प्याला. मग म्हणाला, ‘टाकी मी नाही फोडली, मॅडम. पण सही केली तर लवकर घरी जाता येईल असं सांगितलंय.’

‘कुणी फोडली?’

‘ते मी नाही सांगणार.’

बाई म्हणाल्या, ‘सांगू नकोस. पण जे केलं नाहीस ते मी तुझ्याकडून विकत घेणार नाही.’ आणि अर्ज परत केला. आता खटला नेहमीसारखा चालेल.

तो बाहेर आला तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात ते मी ऐकलं. ‘गाढवा, दोन मिनिटांचं काम होतं.’ तेवढंच ऐकून मी खांबामागून पुढे आले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पेढ्यांचा बॉक्स पाठीमागे लपवलात. मामा, त्या क्षणी मला तुमचा राग यायला हवा होता. हसू आलं. मग कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून खूप रडले.

ओंकार आता तुमच्याकडे राहणार नाही. अंबरपेठेत खोली बघितली आहे. सामान मामींनीच बांधून दिलं, वर लोणच्याची बरणी ठेवली. खटला लढवायला कोर्टातून मोफत मिळणाऱ्या वकील आहेत, शिल्पाताई. वयाने फार तर ओंकारच्या मोठ्या बहिणीएवढ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘ह्याने कबूल करावं असं नेमकं कुणाला हवं होतं?’ मी नाव सांगितलं नाही. ओंकार सांगत नाही तर मी कशाला सांगू? पण मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

सुप्रिया

●

बरकतपुरा
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. सुप्रियास आशीर्वाद.

आपला पत्रव्यवहार बरेच दिवस बंद आहे. तुझा मुलगा सुटला, अभिनंदन. मला आनंदच आहे.

पण ज्या रीतीने सुटला ती रीत बरी नव्हे. तो यादगिरी साक्षीला उभा राहिला आणि सरळ म्हणाला, ‘हा पोरगा माझे मासे वाचवत होता. हेल्मेट फेकणारा दुसरा. शिरस्तेदारसाहेबांचा नातू. माझ्याकडूनच मासे न्यायचा, मी ओळखत नाही होय? त्याच दिवशी ठाण्यात सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही.’ भर कोर्टात! माझ्या कोर्टात! बाईंनी तिथेच रितेशला आरोपी करण्याचा हुकूम काढला. ज्या दालनात लोक मला उठून नमस्कार करत, तिथे माझ्या नातवाच्या नावाचा पुकारा झाला.

ह्याहून वाईट पुढे आहे. मी शहरातला मोठ्यातला मोठा वकील उभा करतो म्हटलं. साक्षीदार एकच आहे, तोही जखमी, त्याला अंधारी आली होती असं म्हणता येतं. तर रितेश म्हणतो, ‘आजोबा, नक्को. मैं कबूल करतौं.’ त्याला ती तडजोड करायची आहे! अगं, वीस वर्षांच्या पोराला काय कळतं? ह्या वयात पोरं घाबरतात, कुणीही काही सांगितलं की सही करून मोकळी होतात. आणि एकदा दोषी ठरला की झालं, अपील नाही, जन्मभराचा डाग. तरुण मुलांची आयुष्यं अशी घाऊक भावात निकालात काढणारी ही पद्धत म्हणजे धडधडीत अन्याय आहे. मी वर्तमानपत्राला तसं पत्रही पाठवलं. छापलं नाही.

मी त्याला बजावलं, कबूल करायचं असेल तर ह्या घरात पाय ठेवू नकोस. मला वाटलं घाबरेल. तो गेला. ओंकारच्या खोलीवर राहतो असं कळतं. तू त्याला समजाव. तुला आत्या म्हणतो, तुझं ऐकेल. जर्मनी जाईल, दाखला जाईल, सगळं जाईल. मकरंद मलाच दोष देतो.

तुझी मामी माझ्याशी बोलत नाही. मला ऐकू येत नाही ते निराळं, पण ती बोलत नाही हे कळतं.

प्रतापराव

●

अंबरपेठ, हैदराबाद
२० फेब्रुवारी २०२६

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, तो मुद्दाम. आधी लिहिलं असतं तर टोचून लिहिलं असतं. तसं एक पत्र लिहून फाडलंही.

तुम्ही रितेशला समजाव म्हणालात. मी समजावलं, तुमची शपथ. ओंकारच्या खोलीत दोघं एकाच चटईवर बसले होते, मध्ये पोह्यांची एकच ताटली. मी त्याला म्हटलं, ‘तू नाही म्हणालास तर तुला कुणी जबरदस्ती करणार नाही. आम्हीसुद्धा नाही.’ शिल्पाताईंनी तर त्याला दोन वेळा बसवून सांगितलं, की तू लढू शकतोस, कदाचित सुटशीलही. कबूल केलंस तर दोषी म्हणून नोंद होईल, जर्मनीचं काय होईल ते सांगता येत नाही, माघार घेता येत नाही. विचार कर, महिना घे. ओंकारला हे असं कुणी सांगितलं नव्हतं, मामा. फरक काय तो एवढाच होता. कायदा तोच.

रितेशने विचार केला. मग एका सकाळी एकटाच यादगिरीच्या दुकानात गेला. ‘अंकल, मैंने फेंका था.’ यादगिरी म्हणाला, ‘मालूम है.’ आणि आपला हात पुढे केला. त्याची दोन बोटं वाकत नाहीत. भरलेली टाकी त्याला आता उचलता येत नाही. रितेशने ते आधी पाहिलंच नव्हतं. तो तिथेच खाली बसला, मग उठला आणि टाक्यांचं पाणी बदलायला लागला. तेव्हापासून रोज कॉलेजच्या आधी जातो. यादगिरी त्याला धड शिव्याही देत नाही, धड चहाही देत नाही. मासे तेवढे दाखवतो, हा आजारी, ह्याला वेगळा ठेव.

काल त्याचा निकाल झाला. त्यालाही बाईंनी आत एकट्याला बोलावलं होतं. विचारलं, ‘तुझ्यावर कुणाचा दबाव आहे?’ तो म्हणाला, ‘हौ मॅडम, है. आजोबा का. कबूल नक्को कर बोलके.’ बाईंना हसू आवरेना, असं तोच सांगत होता. मग बाई गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, ‘तरीही करतोस?’ तो म्हणाला, ‘केलंय, म्हणून.’

यादगिरीच्या इलाजाची आणि टाकीची भरपाई द्यायची आहे, ती तो नोकरी धरून फेडणार आहे. तुरुंग नाही, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. पण दोषी ठरला हे खरं. ते मी गोड करून लिहिणार नाही. जर्मनीच्या फॉर्मवर त्याला ‘होय’ लिहावं लागेल. ते काय म्हणतील मला माहीत नाही. ओंकारचंही परीक्षेचं एक वर्ष गेलंच आहे, ते कुठल्या हुकमाने परत येत नाही. दोघांपैकी कुणाचंच पूर्ण भलं झालेलं नाही, मामा. पण दोघंही रात्री झोपतात.

तुम्ही वर्तमानपत्राला लिहिलंत ते पत्र मला वाचायला द्या. थट्टा नाही करत. त्यातलं बरंचसं खरं असेल, फक्त तुम्हाला ते उशिरा कळलं.

रितेशची पिशवी भरून तयार आहे. सकाळपासून तीनदा म्हणून झालं, ‘आत्या, आजोबा दार बंद करून घेतील.’ मी म्हटलं, मी आधी चिठ्ठी पाठवते. हे पत्र ओंकार घेऊन येतोय. त्याला आत बसवा, तो अजूनही तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो. आणि संध्याकाळी रितेश येईल. मामी दार उघडतीलच. पण तुम्ही उघडा.

तुमची,
सुप्रिया